मेजर गोळी का घेत नव्हते? रक्तदाब आणि सैनिकाची डिसॅबिलिटी पेन्शन

वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही विहारात रक्तदाब तपासणी ठेवली होती. दुपारपर्यंत पन्नास-साठ जण येऊन गेले. शेवटी वस्तीतले एक माजी सैनिक आले. वस्तीत सगळे त्यांना मेजर म्हणतात. कागदावर ते हवालदार. पाच मिनिटे बसवून मोजले, तर आकडा निघाला १६८/१०२. पुन्हा मोजले, तरी फार फरक नाही. गोळी चालू आहे का, असे विचारले तर ते गप्प राहिले. मावशीच बोलल्या, "चार महिन्यांपासून बंद केलीय त्यांनी. आणून देते, पण घेत नाहीत."

मग मेजरांनी कारण सांगितले. "ताई, गोळी घेतली की आकडा खाली येतो. आकडा खाली आला की पेन्शनवाले म्हणणार, तुम्हाला काही झालेलंच नाही. अपील करायचंय मला."

आम्ही आरोग्य पानावर रक्तदाबाबद्दल याआधीही लिहिले आहे: मीठ कमी करा, तंबाखू सोडा, चाला. पण सरकारी नकाराच्या एका ओळीमुळे कोणी जीव वाचवणारी गोळी बंद करेल, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. म्हणून हा पाठ. यात वैद्यकाची बाजू आहे आणि कायद्याचीही. दोन्ही एकत्र समजून घेतल्याशिवाय मेजरांसारख्या माणसाला नुसते "गोळी घ्या" म्हणून काही उपयोग नाही.

मेजरांचा कागद काय सांगतो

मेजर १९८९ मध्ये भरती झाले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त. चोवीस वर्षे नोकरी करून २०१३ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी प्रत्येक सैनिकाची तपासणी होते. ती करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. मेजरांच्या बोर्डाने लिहिले: आजार प्रायमरी हायपरटेन्शन, अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि पुढच्या रकान्यात: आजार शांतता क्षेत्रात उद्भवला, सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. त्या एका ओळीवरून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याचे पत्र घरी आले. मेजरांनी ते ट्रंकेत ठेवले आणि विषय संपला असे मानले.

त्याच कागदांत नेमणुकांची यादीही होती. आम्ही ती मावशींसोबत बसून वाचली. रक्तदाब पहिल्यांदा नोंदला गेला २००९ च्या सुरुवातीला, एका छावणीच्या रुग्णालयात. त्याआधी २००८ च्या अखेरपर्यंत मेजर लडाखमध्ये अति उंचीवर होते. शांतता क्षेत्रात येऊन दोन-तीन महिनेच झाले होते. आजार "उद्भवला" छावणीत, असे बोर्ड म्हणते. खरे तर तो छावणीत "सापडला". या दोन शब्दांत सगळे प्रकरण आहे.

रक्तदाब कसा वाढतो

हृदय रक्त ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल असताना जो दाब उरतो, तो खालचा आकडा. १२०/८० च्या आसपास असेल तर ठीक. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

हा आजार मुका आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस कामाला जातो. वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहतो आणि आतून मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांच्या बारीक वाहिन्या खराब होत जातात. कळते तेव्हा अनेकदा लकवा किंवा हृदयविकाराचा झटकाच आलेला असतो. म्हणून मोजल्याशिवाय तो सापडत नाही, आणि ज्या दिवशी सापडला त्याच दिवशी सुरू झाला असेही म्हणता येत नाही.

अति उंचीवर हवेत प्राणवायू कमी असतो. शरीर सतत सावधपणाच्या अवस्थेत राहते. अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात चालते. कडाक्याची थंडी, रात्रीचा पहारा, तुटक झोप, डबाबंद खारट अन्न आणि घरापासून दूर राहण्याचा ताण यांची त्यात भर पडते. सगळ्यांचाच दाब यामुळे कायमचा वाढतो असे नाही. पण ज्याच्या शरीराचा कल तसा आहे, त्याचा आजार अशा ठिकाणी वर येऊ शकतो.

"प्रायमरी" या शब्दाचा घोटाळा

मूत्रपिंडाचा आजार, संप्रेरकांच्या ग्रंथीतला बिघाड किंवा मूत्रपिंडाची आवळलेली रक्तवाहिनी असे एखादे नेमके कारण सापडले, तर त्या रक्तदाबाला सेकंडरी म्हणतात. असे एक कारण सापडले नाही की प्रायमरी. बहुसंख्य रुग्ण याच दुसऱ्या गटातले असतात.

इथे गैरसमज होतो. "प्रायमरी" म्हणजे "घरून आणलेला आजार", "याला सेवेचे कारण नाही" असा अर्थ लावला जातो. वैद्यकात त्याचा अर्थ एवढाच, की शरीरातला एक नेमका बिघाड दाखवता आला नाही. आनुवंशिकता, मीठ, वजन, ताण, झोप अशी अनेक कारणे एकत्र येऊन तो होतो. त्यातली काही कारणे नोकरीने दिलेली असू शकतात.

लष्करी डॉक्टरांसाठीची २००८ ची मार्गदर्शिकाही हे मान्य करते. प्रायमरी हायपरटेन्शन "सेवेमुळेच झाला" असे ती मानत नाही. पण फील्ड क्षेत्र, अति उंचीचे क्षेत्र, बंडखोरीविरोधी मोहिमेचे क्षेत्र किंवा जहाजावरची दीर्घ नेमणूक चालू असताना तो झाला, तर तो सेवेमुळे "बळावला" असे धरावे, असे ती सांगते. पेन्शनसाठी दोन्हींपैकी एक पुरते: आजार सेवेमुळे उद्भवलेला असावा किंवा सेवेमुळे बळावलेला असावा.

नियम कोणाच्या बाजूने आहेत

डिसॅबिलिटी पेन्शनचे नियम तीन काळांत वाटले गेले आहेत. आपला माणूस कधी निवृत्त झाला ते आधी पाहावे.

१९८२ चे नियम सैनिकाला सर्वांत उदार होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे मानायचे. पुढे आजारामुळे नोकरी सुटली तर तो सेवेतच झाला असे सामान्यतः धरायचे. आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा.

१ जानेवारी २००८ पासून दुसरे नियम लागू झाले. त्यांत ही गृहीतके तशीच राहिली नाहीत. तरीही पुरावा देण्याचे ओझे सामान्यतः सैनिकावर नाही, हे तत्त्व राहिले. मात्र एक अट आली. निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटल्यावर, सेवेचे कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाल्यावर दावा केला, तर पुरावा सैनिकानेच द्यायचा. मेजरांच्या निवृत्तीला बारा वर्षे होऊन गेली आहेत. म्हणजे ट्रंकेतला कागद आणखी थोडे दिवस तसाच पडून राहिला असता, तर ओझे त्यांच्या खांद्यावर आले असते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून तिसरे, नवे नियम आले. ते त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. जुन्या निवृत्तांनी "आता नियम बदलले, आपले काही होत नाही" असे समजू नये.

न्यायालयांनी काय सांगितले

या विषयातला पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे: धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३. हा सैनिक १९८५ मध्ये भरती झाला होता. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे त्याला घरी पाठवले आणि आजार सेवेशी संबंधित नाही असे सांगून पेन्शन नाकारली. न्यायालयाने विचारले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती. मग तो तेव्हा का सापडू शकला नसता याचे कारण बोर्डाने कुठे लिहिले आहे? कारण लिहिलेले नव्हते. पेन्शन मंजूर झाली. तेव्हापासून "बोर्डाने कारण लिहिले पाहिजे" हा मुद्दा अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा येतो.

हा निकाल १९८२ च्या नियमांवरचा होता. २००८ च्या नियमांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात निकाल दिला. आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला एवढेच कारण बोर्डाने दिले होते. ते पुरेसे नाही, आजार कशामुळे झाला हे बोर्डाने सांगायला हवे, असे न्यायालयाने ठरवले. मेजरांच्या कागदावरही नेमके एवढेच कारण आहे.

पण प्रत्येक अपील जिंकते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २०१९ मध्ये नरसिंह यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाबाबत बोर्डाचे मत मान्य करून सैनिकाचा दावा फेटाळला. त्याच वर्षी विंग कमांडर राठोड प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याला हा लाभ मिळत नाही. म्हणून आधी कागद वाचायचा. टक्केवारी किती? कारण लिहिले आहे का? नेमणुका कुठे होत्या?

रक्कम किती, आणि उशिराची किंमत

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. समजा हिशोबाचे वेतन ४०,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १२,००० होतात. ३० टक्क्यांना ३,६००. पण टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत आहे: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात. मग रक्कम ६,००० होते आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात स्पष्ट केले.

पेन्शन दर महिन्याला मिळायची असते, म्हणून ती न मिळणे हा दर महिन्याला होणारा अन्याय मानला जातो. त्यामुळे उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. मेजरांनी २०१३ मध्येच अपील केले असते आणि जिंकले असते, तर मधली सगळी वर्षे हातात आली असती. आता जिंकले तरी बरीच वर्षे गेलीच.

काय करायचे, क्रमाने

१. नकाराचे पत्र, बोर्डाचा पूर्ण अहवाल, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि रुग्णालयाचे सर्व कागद एका फाइलमध्ये लावा. बोर्डाचा अहवाल नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. फी दहा रुपये.

२. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: तारीख, ठिकाण, रक्तदाबाची नोंद. भरतीच्या दिवसापासून सगळ्या नेमणुका लिहा. आजार पहिल्यांदा सापडला त्याआधीची नेमणूक कुठली होती, तिथे लाल खूण करा.

३. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करता येते. तेही नाकारले तर दुसरे अपील, त्यालाही सहा महिने. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईला आहे. मुदत गेली असेल तर उशिराची कारणे लिहून माफीचा अर्ज जोडावा लागतो.

४. अपिलात "मी गरीब आहे, दया करा" असे लिहू नका. भरतीच्या वेळी काय नोंद होती, आजार कधी सापडला, त्याआधी कुठे होतो, आणि बोर्डाने कोणते कारण लिहिले किंवा लिहिले नाही, एवढे चार मुद्दे तारखांसह लिहा.

५. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, हे विसरू नका. जातीचा दाखला सोबत ठेवा.

६. "थकबाकीतले निम्मे द्या, काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहा. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका.

गोळी बंद केल्याने केस मजबूत होत नाही

आता मेजरांच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर. त्यांचे ३० टक्के अपंगत्व निवृत्तीच्या वेळी बोर्डानेच लिहून ठेवले आहे, आणि तेही आयुष्यभरासाठी. वाद टक्केवारीचा नाही. आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही याचा आहे. आजचा आकडा १३० आला काय किंवा १७० आला काय, २००९ ची नोंद आणि २००८ ची नेमणूक त्याने बदलत नाही.

उलट, सतत उपचार घेतल्याची नोंद ही आजार खरा आणि कायमचा असल्याची खूण आहे. बोर्डाच्या फॉर्ममध्ये रुग्णाने उपचार नाकारले का, असा प्रश्नच असतो. गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब हा बरा झालेला रक्तदाब नव्हे. गोळी थांबवली की तो परत चढतो, हे विहारातल्या यंत्राने दाखवलेच. आणि गोळी बंद ठेवून लकवा झाला, तर निकाल लागेल तेव्हा त्या पेन्शनचे काय करायचे?

म्हणून फाइल आणि गोळी दोन्ही रोज सांभाळायच्या. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. सदस्य असाल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून गोळ्या मिळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, बदलू नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. आकडा तारखेसह वहीत लिहा. दिवसाचे एकूण मीठ एक चहाचा चमचा भरून, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी ठेवा. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठही त्यात धरा. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

घरातल्या भगिनींना विशेष सांगणे आहे. मेजरांचे कागद जपले ते मावशींनी. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून त्यांनी बारा वर्षे एकही कागद खराब होऊ दिला नाही. सैनिक हयात नसेल तरी कागद फेकू नका. पत्नीच्या हक्काबाबत सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा.

अर्ज लिहिणे आपल्याला नवे नाही. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर सैनिक होते. इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. त्यात भीक मागितलेली नव्हती. आमच्या लोकांनी केलेली सेवा मोजा, असे सांगणे होते. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमधून आणि इतरही पलटणींतून निवृत्त झालेली माणसे आपल्या वस्तीवस्तीत आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या ट्रंकेत असे पत्र पडले आहे, हे विचारायला हवे.

मेजरांनी उशिराच्या माफीच्या अर्जासह अपील पाठवले आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. मागच्या पौर्णिमेला ते विहारात आले, स्वतःच खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. आकडा १३६/८६. मावशींनी तो वहीत लिहिला आणि खाली तारीख घातली.

विहारात वाचून चर्चेसाठी प्रश्न

१. आजार "उद्भवला" आणि आजार "सापडला" यांत काय फरक आहे? रक्तदाबाबाबत हा फरक का महत्त्वाचा?

२. प्रायमरी हायपरटेन्शन म्हणजे काय? त्याचा सेवेशी संबंध कधी मानला जातो?

३. पंधरा वर्षांची अट आणि तीन वर्षांच्या थकबाकीची मर्यादा लक्षात घेता उशीर का करू नये?

४. आपल्या वस्तीत किती माजी सैनिक आहेत? त्यांपैकी कोणाचा रक्तदाब गेल्या सहा महिन्यांत मोजलेला नाही? पुढच्या रविवारी त्यांना कोण घेऊन येईल?

जयभीम.